जनकाअक्काच्या पंख्याची तीन पाती

सुलतानपूर, ता. लोणार
बुधवार, जेवणानंतर

आदरणीय दाजी, म्हणजेच शेषराव गुरुजी, मुक्काम देऊळघाट, यांना मेहुणा कचरू याचा वाकून जयभीम.

आम्ही इकडे सर्व खुशाल आहोत. आपली प्रकृती कशी आहे हे मी रीत म्हणून विचारत नसून मोठ्या कळकळीने विचारत आहे. गुडघे कसे आहेत, झोप लागते का, भाकरी दोन जातात की दीड, सकाळची फेरी मळ्यापर्यंत होते की फाट्यावरूनच परत फिरता, हे सर्व सविस्तर कळवावे आणि खाली तारीख घालून सही करावी. (तारीख याच आठवड्यातली असावी.) सुलतानपुरात आपल्या प्रकृतीबद्दल सध्या जे मत पसरले आहे ते बरोबर नाही, हे फक्त मला आणि आमच्या सौ. अन्नपूर्णेला माहीत आहे. बाकी गावाला माहीत नाही. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता विहारात आपल्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला असून दोनशे माणसांचे भोजन आहे. त्याला आपण स्वतः यावे की आम्ही ते आपल्याशिवायच उरकून घ्यावे, हे ठरवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

फोनच केला असता, पण तुम्ही मोबाईल चौदा एप्रिलले चालू करता, सगळ्यांचे जयभीम घेता आणि पंधराले बंद करून कपाटात ठेवता, हे साऱ्या नातेवाइकाले ठाऊक आहे. (गेला तोल. पहिला परिच्छेद मी अन्नपूर्णेले तीनदा वाचून दाखवून शुद्ध लिहिला, पण आता हात दुखून राह्यला. इथून पुढं घरच्यासारखं लिहितो. माही मागची चार पत्रं तुम्ही लाल शाईनं तपासून परत पाठवली, शेवटच्याले दहापैकी साडेतीन मार्क दिले, आणि मजकुराबद्दल एक अक्षर कळवलं नाई. हेही खुशाल तपासा, पण या वेळेस मजकूरही वाचा.) डाकेनं टाकलं तर रविवार निघून जाईन, म्हणून अन्नपूर्णा स्वतः हे पत्र घेऊन येऊन राह्यली. तुम्ही वाचता तेव्हा ती समोर पदरानं वारा घेत बसली असन. तिले मधात काही विचारू नका. वाचून होईपर्यंत तोंड उघडणार नाई असं तिनं कबूल केलं आहे, आणि तिले ते किती जड जाते हे तुम्हाले सांगायले नको.

आता गोष्ट पंख्याची आहे, म्हणून सुरुवात पंख्यापासून करतो. माही चाळीस वर्षं वीज बोर्डाच्या खांबावर गेली. खाली लोक पंख्याची वाट पाहत बसले राहत आणि मी वैशाखाच्या उन्हात वर चढून त्यांचा पंखा चालू करून देत होतो. (तक्रार नाई, पगार घेतला.) रिटायर झालो त्या दिवशी ठरवलं, आता उरलेलं आयुष्य पंख्याच्या खालच्या बाजूनं काढायचं. त्यातच जळगाव जामोदले एका लग्नाले गेलो. मांडवाच्या बाजूले भंगारचं दुकान होतं आणि दुकानापुढं एक जुना बिडाचा पंखा पडला होता, घागरीएवढं पोट आणि वर पितळेची वाटी. भंगारवाला आतल्या तांब्यासाठी हातोडा घेऊन त्याच्यावर बसलाच होता. मले राहवलं नाई. सोडवला त्याले, लग्नात मिळालेल्या नव्या टॉवेलात गुंडाळला आणि मांडवात आलो तर फोटो सुरू झाले होते. त्या फोटोत मी मागच्या रांगेत छातीशी टॉवेलातलं गाठोडं धरून उभा आहे. अल्बम पाहणारा प्रत्येक माणूस विचारते, कचरूभाऊले या वयात लेकरू झालं काय. अन्नपूर्णा तेव्हापासून त्या घरी जात नाई.

त्या एकाचे आता अकरा झाले. दोन सैपाकघरात, तीन ओसरीत, एक न्हाणीघराबाहेर (तिथं कोणी बसत नाई, पण आढं रिकामं होतं), बाकीचे खोल्यांत. डिझेलनं धुवायचे, नवं ग्रीस भरायचं, पॉलिश पेपरनं गंज काढायचा, वाइंडिंग जळलं असलं तर नवं भरायचं, अन् मग लटकवून खाली खाट टाकायची. दाजी, नवीन पंख्याचा वारा तोंडावर पाणी मारल्यासारखा येते. जुन्याचा तसा नाई. ओसरीतल्या एकाचा वारा इतका सावकाश उतरते की आधी पायाले लागते आणि कपाळापर्यंत येईस्तोवर माणसाची अर्धी झोप झालेली राहते. दुसरा असा गुणगुणते की बाजूच्या खोलीत कोणी म्हातारं माणूस गोष्ट सांगून राह्यलं, शब्द कळत नाईत, पण गोष्ट चांगली आहे एवढं कळते. आणि जळगाववाला एक नंबरवर ठेवला की त्याची पाती मोजता येतात, एक, दोन, आणि तिसरं मोजायच्या आत मी खाटेवर राहतच नाई. खाट हलकी होते, भिंती बाजूले सरकतात, सारं तालुक्याचं ऊन खाली राहते आणि मी वरून सावलीसावलीनं जातो. लोणारच्या सरोवरावरून गेलो, मेहकरवरून गेलो, एकदा तर अंगणात वाळत घातलेल्या कुरड्याही वरून पाह्यल्या. मी याले टेस्टिंग म्हणतो. अन्नपूर्णा झोप म्हणते. प्रत्येक पंख्याले रोज दोन तास टेस्टिंग द्या लागते, आणि पंखे अकरा आहेत, त्यामुळं घरातली बाकीची कामं मागं पडतात हे मी मान्य करतो.

कोणत्याही पंख्याखाली टेस्टिंग चालू असलं, तरी शेवटी मी उतरतो तुमच्या देऊळघाटच्या घरात. दहावीत नापास होऊन तुमच्याकडं तोंड लपवायले आलो होतो ती दुपार. (नापास मराठीतच झालो होतो, म्हणून भीती जास्त.) तुमच्या घरी नवा पंखा लागला होता. पंख्याखाली झोपायची माही ती जिंदगीतली पहिली वेळ. जनकाअक्कानं सतरंजी टाकली अन् म्हणे, "झोप तू. ते आले तरी उठवू देत नाई मी." मी वर पाहत पडलो. पाती दिसेनाशी झाली, नुसतं एक गोल पांढरं राह्यलं, आणि त्यात नापासाचं काही शिल्लक राह्यलं नाई. संध्याकाळी तुम्ही आले. मी जागाच होतो, डोळे मिटून मार खायची तयारी करत होतो. तुम्ही उभे राहून माह्याकडं पाह्यलं, अन् गार वारा लागू नये म्हणून रेग्युलेटर एक घर कमी केला. टक्कन आवाज आला, तो मले आजही ऐकू येते. पन्नास वर्षं होत आली, आणि मी जागा होतो हे तुम्हाले आज सांगून राह्यलो.

तोच पंखा सहा वर्षांपूर्वी तुम्ही घरातून उतरवला आणि अक्का गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाले माहेरच्या विहाराले, म्हणजे आमच्या सुलतानपुरात, दान दिला. आपल्यात पंखे तर सगळेच देतात, पण बाजारातून नवा आणून पेंटरकडून नाव टाकून देतात. तुम्ही राहत्या घरातला दिला आणि तिन्ही पात्यांवर स्वतःच्या हातानं काळ्या ऑइलपेंटात लिहिलं. पहिल्यावर "कालकथित जनकाबाई", दुसऱ्यावर "यांचे स्मरणार्थ दान", तिसऱ्यावर "शेषराव गुरुजी, देऊळघाट". असं अक्षर जिल्ह्यात दुसऱ्याचं नाई. पंखा लटकवला, बटण दाबलं, विहारातल्या एकूण एक माणसाचे डोळे भरून आलेले, आणि पंखा डुलायले लागला. तेव्हा मी, ज्याले चाळीस वर्षांत खांबावर बोलायले कोणी भेटलं नाई, सगळ्यांच्या समोर मोठ्यानं बोललो, "दाजी, पंखा डुलते. उतरवताना पातं वाकवलं तुम्ही." तुम्ही चपला घातल्या आणि न जेवता गेले. तेव्हापासून तुम्ही सुलतानपूरचं पाणी प्यालेले नाई. दाजी, माही बहीण गेली होती. मले रडायचं होतं, आणि रडायच्या जागी तोंडातून कामाचंच निघालं. त्या दिवशी बोललो ते बोलायले नको होतं.

म्हणून या उन्हाळ्यात मी विहार समितीची परवानगी काढून तो पंखा उतरवून घरी आणला. (समितीचा सचिव आता धम्मदीप आहे, हायस्कुलात शिकवते, पोरगा चांगला आहे पण प्रत्येक गोष्टीचा ठराव करते.) दोन महिने दुसरं काही केलं नाई. बेअरिंग बदलले, ग्रीस भरलं, मूळचा दुधी रंग शोधून आणला. फक्त तुमच्या अक्षराले हात लावायची हिंमत झाली नाई. प्रत्येक अक्षराच्या काठाकाठानं बारीक ब्रशनं नवा रंग दिला, तीन दिवस लागले, आणि "स्मरणार्थ"च्या रफाराजवळ माह्या हाताले घाम सुटला. मग तिन्ही पाती गोपालच्या किराणा दुकानात तागडीवर तोलली. तिघांचं वजन सारखं निघालं. गेल्या शनिवारी विहारात नेऊन लटकवला, बटण दाबलं, आणि दाजी, पंखा तसाच डुलला.

मग सगळं करून पाह्यलं. रॉड बदलला, रबर बदललं, स्क्रू आवळले, ढिले केले. शेवटी दोन पात्यांच्या जागांची अदलाबदल केली, आणि डुलणं थांबलं. असं थांबलं की रॉडले बोट लावलं तरी पंखा चालू आहे की बंद कळत नव्हतं. मी खाली उभा राहून तोंड वर करून कितीतरी वेळ पाहत राह्यलो. वायरमन माणूस पातं वजनानं ओळखते, वाचून ओळखत नाई. आणि फिरत्या पंख्यावर काही वाचताही येत नाई. नव्या क्रमानं दाराकडून वाचलं तर काय होते हे तुम्हीच कागदावर मांडून पाहा. "शेषराव गुरुजी, देऊळघाट", मग "यांचे स्मरणार्थ दान", मग "कालकथित जनकाबाई". म्हणजे गेलेल्या अक्कानं जिवंत नवऱ्याच्या स्मरणार्थ माहेरच्या विहाराले पंखा दिला. हे माह्या ध्यानातच आलं नाई.

रविवारी सकाळी वंदना झाली. ऊन असं की भिंतीले हात लावता येत नव्हता, आणि वर अक्काचा पंखा. लोक म्हणत होते, असा वारा विहारात कधी आला नाई. मी बरोबर मधात, पंख्याच्या खाली बसलो होतो आणि टेस्टिंग सुरू झालं होतं. तेवढ्यात लाईट गेली. जुना पंखा लाईट गेल्यावर लगेच थांबत नाई, त्याच्या पोटात मागचा वेग राहते, तो हळूहळू सोडते. सगळं विहार वर पाहून मनातल्या मनात त्याले थांबू नको म्हणत होतं. तो मंद होत गेला, गोल फुटून पाती वेगळी दिसायले लागली, पात्यांवर अक्षरं आली, आणि तुमचं नाव दाराच्या दिशेनं येऊन पंखा थांबला. मनकर्णाबाईले वाचता येत नाई. तिनं नात करिष्माकडून दोनदा वाचून घेतलं आणि हंबरडा फोडला.

आता तुम्ही विचारान की कालकथित बाई दान कशी देईन, हा प्रश्न एवढ्या माणसांत एकालेही काऊन पडला नाई. दाजी, त्रेचाळीस डिग्री होती. आणि दानाच्या पात्यावर कोणी खोटं लिहिते काय. उलट सगळ्यांले एकदम उलगडा झाला की दोन महिने पंखा उतरवला होता तो याच्यासाठी, कचरूभाऊनं दाजी गेल्याचं दुःख एकट्यानं गिळलं आणि गाजावाजा न करता बहिणीच्या नावापुढं त्यांचं नाव लिहून आणलं. मी जागा झालो तेव्हा सगळे उभे होते, म्हणून मीही उभा राह्यलो. दोन मिनिटं मौन होतं. कोणासाठी ते मले माहीत नव्हतं, पण मौनात विचारता येत नाई. (खांबावर पट्ट्याच्या आधारानं उभ्याउभ्या झोपायची सवय आहे, त्यामुळं दुसरं मिनिट कसं गेलं ते सांगता येत नाई.) मौन संपलं, धम्मदीपनं घसा साफ केला अन् तुमचं नाव घेतलं.

दाजी, मले ते खरं वाटलं. समितीले निरोप आला असन, असं वाटलं. माह्या मनात पहिली गोष्ट काय आली ते लिहितो, हसू नका. मनात आलं की आता पंखा डुलत नाई हे मी कोणाले दाखवू. मग मी होतो तिथंच आडवा झालो. लोक वहीनं, टॉवेलानं वारा घालत होते आणि मी लेकरावानी रडत होतो. सहा वर्षांपूर्वी अक्कासाठी जे आलं नव्हतं ते सगळं तेव्हा आलं. उताणा पडलो होतो, डोळे पुसले, आणि बरोबर वर तीन पाती थांबलेली दिसली. वाचली. पुन्हा वाचली. तेव्हा उठून सांगायले पाहिजे होतं, हे मले समजते. पण तोपर्यंत भाषणं सुरू झाली होती.

आणि भाषणं ऐकण्यासारखी होती. तुम्ही इथल्या शाळेत नऊ वर्षं होते, त्यातलं लोक काय काय घेऊन बसले आहेत हे तुम्हाले माहीत नाई. गोपाल एवढा मोठा दुकानदार झाला, तो उभा राहून सांगत होता की पहिल्या दिवशी गुरुजींनी माह्या पाटीवर माहं नाव लिहून दिलं, ते मी तीन दिवस पुसलं नाई, पाटी घेऊन झोपलो, आणि दुकानाच्या पाटीवर आजही तेच वळण काढायले पेंटरले लावलं. मनकर्णाबाई म्हणे, रात्रीच्या वर्गात गुरुजींनी मले फक्त सही शिकवली, पण त्या दिवसापासून माहा अंगठा कोणी धरला नाई. मी भिंतीले टेकून हे सगळं ऐकत होतो आणि वाटत होतं की तुम्ही बाजूले बसले आहात, मान खाली घालून, सतरंजीचा दोरा उपसत. इतकं चांगलं वाटत होतं की मोडायचं जिवावर आलं. फक्त एक जण उठून म्हणे, गुरुजींचा स्वभाव लोण्यासारखा मऊ होता, तेव्हा मात्र मले वाटलं की आता सत्य सांगून टाकावं.

नाई सांगितलं. मग धम्मदीपनं शोकप्रस्ताव मांडला, तो एकमतानं मंजूर झाला (माहाही हात वर होता), आणि हा रविवार ठरला. गावात जो भेटते तो माह्या पाठीवर हात ठेवते. घरी येऊन अन्नपूर्णेले खरं सांगितलं. ती एरवी बोलणारी बाई, पण त्या दिवशी तिनं घरातले अकराच्या अकरा पंखे एकेक करून बंद केले आणि माह्यासमोर येऊन बसली. पंखे बंद असलेलं माहं घर किती लहान आहे हे मले तेव्हा समजलं. मग ती म्हणे, रविवारपर्यंत तुम्ही सांगा, नाई तर मी उभी राहून सांगतो. आणि म्हणे, दाजी एवढे वर्षं आले नाईत, ते 'तुम्ही मेले' असं सांगून बोलावल्यावर तरी येतीन काय, ते विचारा.

तेच विचारतो. तुमची सुखरूप असल्याची सही आणून मी ती वाचून दाखवू शकतो, पण लोक म्हणतीन हे अक्षर जुनं आहे. तुम्ही स्वतः दारातून आत आले तर कोणाले काही वाचून दाखवा लागणार नाई. जेवण तयार आहे, माणसं जमलेली आहेत, चांगलं बोलायची सगळ्यांची तयारी झालेली आहे. एवढी तयारी असलेला कार्यक्रम जिवंत माणसाच्या वाट्याले सहसा येत नाई. अन्नपूर्णा येतानाच तुम्हाले सोबत घेऊन आली तर उत्तम. दोन दिवस आमच्याकडं राहा, ओसरीतला सावकाश वाऱ्याचा पंखा तुमच्यासाठी मोकळा ठेवतो.

घरातल्या लहानांना आशीर्वाद, थोरांना माहा जयभीम. थोर म्हणजे तुमच्या घरात तुम्ही एकटेच, तेव्हा सगळा तुम्हालेच.

तुमचा
कचरू

ता. क. : एसटीनं आले तर सुलतानपूरच्या स्टँडवर उतरल्यावर एकदम वर पाहू नका. धम्मदीपनं तिथं तुमचा मोठा फ्लेक्स लावला आहे, "भावपूर्ण आदरांजली" म्हणून. फोटो बदलीच्या वेळच्या निरोप समारंभातला आहे, केस सगळे काळे आहेत आणि तुम्ही चक्क हसून राह्यले. मी तर म्हणतो चांगला आहे, कार्यक्रम झाल्यावर घडी करून सोबत घेऊन जा.

ता. क. दुसरा : पंख्याचा घोळ असा आहे की पाती मूळ क्रमानं लावली तर तो डुलते, आणि आहे तशी ठेवली तर तुम्ही कालकथित राहता. दोन पात्यांवरची अक्षरं खरवडून तुम्ही नव्यानं लिहावी, असं मनात आलं होतं. ब्रश आणि काळा रंगही आणून ठेवला होता. पण आता त्याची गरज राह्यली नाई, ती का ते पुढं लिहितो. पुढचं अन्नपूर्णेलेही माहीत नाई, म्हणून इथून पुढं मोठ्यानं वाचू नका.

ता. क. तिसरा : काल ग्रीस भरायचं निमित्त करून पंखा पुन्हा घरी आणला. ओसरीतल्या कडीले लटकवला आणि पाती तुम्ही लावली होती त्याच क्रमानं लावली. नाई डुलला. एक नंबरवर नाई, पाचवर नाई. मी खाट न टाकता, उभ्यानं, दोन तास पाह्यलं. मग ओळंबा घेऊन विहारात गेलो आणि स्लॅबमधली कडी तपासली. कडी तिरपी आहे, चांगली बोटभर; पाती बदलल्यावर डुलणं थांबलं ते तिच्या तिरपेपणाशी योगायोगानं जुळलं म्हणून. दाजी, विहाराचा स्लॅब टाकला तेव्हा ती कडी मीच बसवली होती. घाईत होतो. आता ती सरळ करून पाती तुमच्याच क्रमानं लावतो. तुम्ही देऊळघाटाहून पंखा सरळ आणला होता, पातं वाकलेलं नव्हतं, अक्काच्या पंख्यात काही खोट नव्हती. हे मी रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून सांगणार आहे. पण ज्या माणसाले सगळ्यांसमोर उलटं बोललो, तो माणूस समोर असल्याशिवाय सांगितलं तर ते सांगणं होत नाई.

ता. क. चौथा : पत्र पाकिटात जात नाई हे पाहून अन्नपूर्णा म्हणून राह्यली की एवढं कशाले लिहिलं, कामाचं होतं ते एका ओळीत लिहायचं होतं. लिहितो. दाजी, पंखा सरळ होता, चुकलो मी होतो, घरी या.